राख इथे, वीज तिथे

महाराष्ट्राचा भूगर्भीय नकाशा आणि औद्योगिक नकाशा एकमेकांशेजारी ठेवून पाहिले की एक विसंगती लगेच डोळ्यांत भरते. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या बेसॉल्टने झाकलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून थरावर थर लाव्हा वाहत आला आणि त्याखालचे जुने खडक गाडले गेले. या काळ्या कातळात कोळसा नाही, लोखंड नाही, मँगनीजही नाही. जे काही खनिजधन आहे ते बहुतेक पूर्वेला, जिथे लाव्हा पोचला नाही किंवा पुढे झिजून गेला तिथे आहे: नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज, वणी-चंद्रपूर-उमरेडचा कोळसा, गडचिरोलीचे लोहखनिज, राजुरा-कोरपन्याचा चुनखडक. औद्योगिक नकाशा मात्र नेमका उलटा आहे. तिथे मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक आणि कोल्हापूर ठळक दिसतात, म्हणजे सगळा बेसॉल्टचा मुलूख. कच्चा माल आणि इंधन जिथे जवळ असेल तिथे उद्योग उभे राहतात, हे शाळेच्या भूगोलात आपण पाठ केलेले असते. मग आपल्याच राज्यात हा नियम उलटा का झाला? या प्रश्नाच्या उत्तरात ऊर्जेच्या भूगोलाचे एक मोठे सूत्र दडलेले आहे. इंधनाला जोवर वजन असते तोवर ते उद्योगाला आपल्याकडे ओढते. त्याची वीज झाली की वजन गळून पडते आणि ओढही संपते. खाणीच्या मुलखाला आपला वाटा आपोआप मिळणे त्या क्षणी थांबते. तो द्यायचा असेल तर ठरवून द्यावा लागतो, आणि आपण तो अजून नीट ठरवलेला नाही.

वजनाचा हा हिशोब जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर याने १९०९ मध्ये पद्धतशीर मांडला. कारखान्यात जाताना ज्या मालाचे वजन पुष्कळ असते आणि बाहेर पडताना थोडे उरते, तो माल फार लांब नेणे परवडत नाही; म्हणून कारखाना मालाकडे जातो. उसाचे उदाहरण आपल्या अगदी परिचयाचे आहे. १०० किलो उसातून साखर निघते १०-११ किलो, आणि तोडल्यावर ऊस वाळू लागतो तो वेगळाच. म्हणून १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना उसाच्या शिवारातच उभा राहिला. त्यानंतरचे शेकडो कारखानेही तसेच उभे राहिले, आणि चिपाडाचे जळण त्यांना जागच्या जागी मिळाले. सिमेंटचेही तेच. भट्टीत चुनखडकातला कर्बवायू उडून जातो आणि वजन घटते, म्हणून सिमेंटचे कारखाने गडचांदूर-घुग्घुस परिसरात चुनखडकाला चिकटून आहेत. कापसाचे तसे नाही. सरकी काढलेल्या रुईचे सूत केले तर वजन जवळजवळ तेवढेच राहते. कापसाचा कारखाना त्यामुळे शेताजवळ, बंदराजवळ किंवा बाजाराजवळ कुठेही निघू शकतो. त्याला अडवू शकते ते फक्त इंधन.

मुंबईला ते इंधनही अडवू शकले नाही, कारण ते समुद्रातून येत होते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणीचे चाक फिरले. तेव्हा बंगालच्या राणीगंजचा कोळसा सबंध देश ओलांडून मुंबईत आणण्यापेक्षा इंग्लंडचा कोळसा जहाजाने आणणे सोपे होते. पुढे १९२० च्या दशकातही दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळचा कोळसा मुंबईच्या बाजारात बंगालच्या कोळशाशी टक्कर देत होता. बोटीने येणाऱ्या टनामागचे भाडे रेल्वेपेक्षा इतके कमी पडे की दूरची खाण जवळची ठरे. याच्या नेमका उलट प्रयोग जमशेटजी टाटांनी केला. मुंबई सोडून ते नागपूरला गेले आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. वऱ्हाडचा कापूस हाताशी होता, रेल्वेचे जंक्शन होते, आणि त्याच दशकात वरोऱ्याला सरकारी कोळशाची खाण सुरू होऊन वर्ध्याहून तिथवर लोहमार्ग गेला होता. इंधन जवळ असले की उद्योग जवळ येतो, या शाळेतल्या नियमाला विदर्भात मिळालेला हा बहुधा सर्वांत चोख पुरावा.

याच वरोऱ्याने जमशेटजींना दुसरा धडाही दिला, आणि तो भारताच्या औद्योगिक नकाशावर फार खोल उमटला. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील लोखंडाच्या उद्योगाविषयीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे लोहखनिज उत्तम आहे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळच आहे, असे त्यात होते. नागपूरला गिरणी असलेल्या माणसाला पोलादाच्या कारखान्याचे स्वप्न पडायला आणखी काय हवे? त्यांनी नमुने जर्मनीला तपासणीसाठी पाठवले. उत्तर नकारार्थी आले. लोखंडाच्या झोतभट्टीत कोळसा नुसता जळून भागत नाही. त्याचा कोक व्हावा लागतो, म्हणजे हवेशिवाय तापवल्यावर तो घट्ट, सच्छिद्र आणि वरच्या खनिजाचा भार सोसणारा व्हावा लागतो. वरोऱ्याचा कोळसा बॉयलरखाली चालत होता, पण त्याचा कोक होत नव्हता. वीस वर्षांनी चांद्याचा पुन्हा शोध घेतला गेला आणि तेव्हाही निराशाच पदरी आली. हा प्रयत्न सोडल्याचे कळवायला जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी टाटा नागपूरला आले असताना तिथल्या संग्रहालयात त्यांना दुर्ग जिल्ह्यातील लोखंड दाखवणारा भूगर्भीय नकाशा दिसला. पुढे १९०४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजातील गोरुमहिसानीच्या लोखंडाविषयी जमशेटजींना पत्र लिहिले. झरियाचा कोक होणारा कोळसा तिथून फार लांब नव्हता. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली, सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमाजवळ साकची गावी जागा ठरली आणि १९१२ मध्ये तिथे पोलाद निघू लागले. दुर्ग जिल्ह्यातल्या दल्ली-राजहराच्या लोखंडावर पुढे १९५९ मध्ये भिलाईची भट्टी पेटली. चांद्याच्या वाट्याला यातले काही आले नाही. खनिज जमिनीत असणे पुरेसे नसते, योग्य जातीचा कोळसाही लागतो, हे इथे निसर्गानेच ठरवून टाकले. हा नकार सरकारचा नव्हता की भांडवलदारांचाही नव्हता, तो खडकाचा होता. म्हणूनच पुढच्या गोष्टीतल्या नकारांपासून तो वेगळा ओळखावा लागतो.

पुढची गोष्ट तारेची आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळा, वळवण आणि शिरवत्याचे पाणी अडवायचे, नळांतून ५०० मीटरहून जास्त खाली खोपोलीत सोडायचे आणि तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी टाटांची योजना होती. १९१० मध्ये कंपनी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीहून वीज निघाली. पाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली. इथे बेसॉल्टने पहिल्यांदा काही दिले. त्याच्या पोटात खनिज नव्हते, पण पश्चिमेकडचा त्याचा कडा उभा आणि उंच होता, त्यावर पाऊस प्रचंड पडत होता, आणि पूर्वेला भीमा-कृष्णेकडे जाणारे पाणी थोडे अडवून उलटे कोकणात ढकलले की पडणाऱ्या पाण्याचे बळ हाती येत होते. गिरणी होती तिथेच राहिली, डोंगर होता तिथेच राहिला, मधून फक्त तार गेली. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या शहराला ही वीज स्वच्छ वाटली यात नवल नाही. पण त्या स्वच्छतेची किंमत मावळाने मोजली. या विजेसाठी बांधायच्या मुळशीच्या धरणात भाताची जुनी खाचरे आणि गावे बुडणार हे स्पष्ट झाल्यावर १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी होते, आणि बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. लढा हरला, धरण झाले. भारतातल्या धरणविरोधी लढ्यांचा इतिहास सांगताना मुळशीचे नाव पहिल्या काहींत येते. मला त्यातले एक सूत्र सर्वांत महत्त्वाचे वाटते: मावळातल्या माणसाला त्या विजेचा काही उपयोग नव्हता, आणि ती वापरणाऱ्या मुंबईला मावळ दिसतही नव्हता. कोळशाची गाडी निदान स्टेशनावर उभी दिसते. तारेतून येणारी वीज कुठून आली हे दिव्याखाली बसलेल्याला कळत नाही.

कोयनेने हेच फार मोठ्या प्रमाणावर केले. पोफळीच्या भूमिगत केंद्रापासून एकेक टप्पा वाढत आज या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे, आणि वीज केल्यावर पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांतल्या माणसांना जमीन सोडून दूर जावे लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, ती कथा स्वतंत्र आहे आणि इथे तिच्यात शिरत नाही. इथला मुद्दा एवढाच की पश्चिम महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीचा पाया कोयनेच्या विजेने भक्कम केला, आणि तारेवर उद्योग वाढवता येतो हे राज्याला कायमचे पटले.

मग तीच तार कोळशाला लावली गेली. वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवन काळातला, २५ कोटी वर्षांहून जुना. त्यात राख फार, साधारण ३० ते ४० टक्के. म्हणजे मालगाडीत दहा डबे भरले तर त्यांतले तीन-चार नुसती माती वाहून नेतात. वेबरच्या हिशोबाने अशा कोळशाची वीज खाणीच्या तोंडाशीच केली पाहिजे, आणि राज्याने तेच केले. कोराडी १९७४ मध्ये सुरू झाले आणि चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र १९८० च्या दशकात. जुने दोन संच निवृत्त होऊन नवे जोडले गेल्यावर चंद्रपूरची क्षमता २९२० मेगावॉट झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूरपासून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी उभी राहिली. तिची क्षमता १५०० मेगावॉट आहे. तिचे काम आकड्यांत करून पाहू. आपल्या कोळशाची एक युनिट वीज करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो असे धरले, तर ही वाहिनी दिवसभर पूर्ण भरून चालवायला सुमारे २५,००० टन कोळसा जाळावा लागेल. तो मालगाडीने पडघ्याला न्यायचा म्हटले तर रोज सहा-सात पूर्ण गाड्या लागतील. त्याऐवजी विदर्भ, मराठवाडा आणि पुढचा पठारी मुलूख ओलांडून फक्त तार जाते. खाणीजवळ केंद्र बांधणे आणि वीज तारेने नेणे हा निर्णय अभियांत्रिकीच्या दृष्टीने अगदी बरोबर होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण २५,००० टन कोळशातली आठ-नऊ हजार टन राख तारेतून जात नाही. ती चंद्रपुरातच राहते. विदर्भात तिला राखड म्हणतात, आणि राखडीचा बंधारा हा तिथल्या गावांच्या नकाशावर तलावाइतकाच ठरलेला भाग झाला आहे. पाण्यात कालवून ती बंधाऱ्यात सोडतात, उन्हाळ्यात वरचा थर वाळतो आणि वाऱ्याबरोबर शिवारात, घरात आणि विहिरीत उतरतो. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राखेचे पाणी आसपासच्या शेतांत आणि नाल्यांत पसरले. केंद्राला वाफ आणि थंडाव्यासाठी पाणीही तितकेच लागते. चंद्रपूरच्या केंद्रासाठी इरई नदीवर धरण आहे, आणि २०१० च्या उन्हाळ्यात ते आटल्यावर काही संच बंद ठेवावे लागले होते. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) उघड्या खाणींतून काढलेल्या माती-दगडाचे ढिगारे नदीकाठी टेकड्यांसारखे उभे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादच्या खालोखाल ते देशात चौथे आले. अंकलेश्वर आणि वापीला निदान हजारो कारखान्यांची वसाहत मिळाली होती. चंद्रपूरने प्रदूषणात त्यांची बरोबरी केली, उद्योगांच्या विविधतेत मात्र ते त्यांच्या आसपासही नाही. सिमेंट, बल्लारपूरचा कागद, घुग्घुसचे स्पंज आयर्न असे ठरावीक, जड आणि कच्च्या मालाला चिकटलेले उद्योगच तिथे दिसतात. यंत्रे, वाहने, औषधे आणि सॉफ्टवेअर अशा ज्या उद्योगांत माणसे जास्त लागतात आणि पगार चांगले असतात, ते तारेच्या दुसऱ्या टोकाला आहेत.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. खाणी आणि वीज केंद्र यांनीच चंद्रपूर वाढले, हजारो घरांना नोकऱ्या दिल्या, मग तक्रार कसली? या नोकऱ्या खऱ्या आहेत आणि कोणी त्यांना कमी लेखू नये. पण औष्णिक केंद्रात यंत्राला जितका पैसा लागतो त्या मानाने माणसे फार थोडी लागतात, आणि उघडी खाण भूमिगत खाणीपेक्षा कमी मजुरांत चालते. एका संचावर गुंतवलेली रक्कम यंत्रसामग्रीच्या किंवा कापडाच्या उद्योगात घातली तर कितीतरी जास्त हातांना काम मिळते. शिवाय खाणीला शेवट असतो. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली. तिच्या जागी बल्लारपूरची खाण सुरू झाली हे खरे, पण कोळसा संपला किंवा नकोसा झाला की दुसरी खाण उघडायला जागा मिळेलच असे नाही. पुढच्या काही दशकांत देश कोळशापासून हळूहळू दूर जाणार आहे. त्या दिवशी चंद्रपूरकडे काय असेल, हा प्रश्न आज विचारायचा आहे.

दुसरा आक्षेप बाजाराचा. उद्योग तिथेच जातो जिथे त्याला बंदर, कुशल माणसे, बँका आणि गिऱ्हाईक मिळते. सरकारने त्याला हाताला धरून चंद्रपूरला नेऊ नये. हे पुष्कळ अंशी खरे आहे. पण बाजार इथे कोऱ्या पाटीवर निर्णय घेत नाही. त्याच्यासमोरच्या किमती धोरणाने आधीच ठरवलेल्या असतात. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे भाडे समानीकरण. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पोलाद देशभर एकाच भावाने विकले जाई. जमशेदपूरचे पोलाद जमशेदपूरला ज्या भावाने मिळे त्याच भावाने ते मुंबईला आणि लुधियानालाही मिळे. वाहतुकीचा खर्च सगळ्यांत सारखा वाटला जाई. सिमेंटलाही दीर्घकाळ तसेच धोरण लागू होते. हेतू समतेचा होता, परिणाम उलटा झाला. खनिज असलेल्या बिहार, ओरिसा आणि मध्य प्रदेशला जवळ असण्याचा जो एकच फायदा होता तोच पुसला गेला, आणि पोलाद वापरणारे कारखाने बंदर आणि बाजाराजवळ राहिले. महाराष्ट्र आणि गुजरातने या धोरणाचा लाभ घेतला, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पोलादाच्या बाबतीत हे धोरण गेले. विजेच्या बाबतीत मात्र राज्याच्या आत तेच अजून चालू आहे, फक्त त्याला ते नाव नाही. राज्यातल्या वीजवहनाचा खर्च एकत्र करून सर्वांवर विभागला जातो, टपालाच्या तिकिटासारखा. पत्र शेजारच्या गल्लीत जावो की शेकडो कोसांवर, तिकीट तेच. त्यामुळे चंद्रपुरात केंद्राच्या भिंतीला लागून कारखाना काढणाऱ्याला वीज जवळ असण्याचा लाभ दरात दिसत नाही. २०१६ पासून विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना सरकारने वीजबिलात सवलत दिली, पण ती मागासलेपणाच्या नावाने दिलेली मदत आहे. मदत अर्थसंकल्पात दरवर्षी मागावी लागते आणि कमी-जास्त होते. चंद्रपूरचा दावा मदतीचा नाही. वीज जिथे तयार होते तिथे ती पोचवायला कमी खर्च येतो, आणि राखड, पाणी व हवा यांचा खर्च तिथेच सोसला जातो, एवढीच वस्तुस्थिती दरात उतरावी.

असा दर लावणे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल. अशक्य नाही, देशाने ते करून पाहिले आहे. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०११ पासून आंतरराज्य वहनाचा आकार वीज कुठून घेतली आणि किती दूर नेली यावर ठरवायला सुरुवात केली होती. ती पद्धत किचकट आहे अशी टीका झाली आणि २०२० च्या नियमांनी ती बदलली, पण अंतर मोजता येते आणि त्याचा दर लावता येतो हे तिने सिद्ध केले. याहून गंभीर शंका शेतकऱ्याची आहे. अंतराप्रमाणे दर लावला तर सिंधुदुर्गातल्या गरीब ग्राहकाचे बिल वाढेल, मग हा कसला न्याय? शंका रास्त आहे, म्हणून असा दर घरगुती आणि शेतीच्या ग्राहकाला लावूच नये. तो मोठ्या औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांपुरता ठेवावा, कारण नवा कारखाना कुठे काढायचा हे तेच ठरवतात. तिसरी शंका प्रादेशिक द्वेषाची. पश्चिम महाराष्ट्राने विदर्भाला लुटले असा सरधोपट निष्कर्ष या पुराव्यातून निघत नाही. मुळशीची जमीन पुणे जिल्ह्याची होती आणि कोयनेची साताऱ्याची. पश्चिमेच्या डोंगरी माणसांनीही हाच भार वाहिला आहे. नागपूर शहरही विजेचे मोठे ग्राहक आहे, आणि महाराष्ट्र स्वतः छत्तीसगडच्या कोळशावर तयार झालेली वीज घेतो, तिथली राख कोरब्यात राहते. हा उगम आणि वापर यांच्यातला प्रश्न आहे, आणि तो प्रत्येक जिल्ह्याच्या आतही सापडतो.

आपल्या सार्वजनिक हिशोबात मात्र हा प्रश्न मावतच नाही. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोल मोजला आणि ‘अनुशेष’ हा शब्द राजकारणात रुजला. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, गावांचे विद्युतीकरण या बाबतींत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे याचा तो हिशोब होता. काम मोलाचे होते. पण त्यात जिल्ह्याला काय मिळाले एवढेच मोजले गेले. जिल्ह्याने काय दिले याचा रकाना नव्हता. २०१५ च्या कायदादुरुस्तीने खाणीच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली आणि स्वामित्वधनाच्या प्रमाणात एक वाटा जिल्ह्याला मिळू लागला. हे चांगले पाऊल आहे. तरीही तो वाटा कोळशाच्या किमतीवर आकारलेल्या १४ टक्के स्वामित्वधनातून मोजला जातो, म्हणजे कोळसा खाणीबाहेर पडेपर्यंतचा. त्याची वीज झाल्यावर जे मूल्य वाढते, जी राख उरते आणि जे पाणी जाते, त्यांचा त्यात हिशोब नाही. वीज शुल्क तर वापरावर आकारले जाते, निर्मितीवर नाही. गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज निघू लागल्यावर खनिज बाहेर नेऊ नका, कारखाना इथे काढा, ही मागणी जोरात झाली आणि कोनसरीला कारखान्याचे काम हाती घेतले गेले. स्पंज आयर्नच्या पद्धतीला कोक लागत नाही, त्यामुळे जमशेटजींना जो नकार खडकाने दिला होता तो आता तितका कडक राहिलेला नाही. खनिजाबद्दल ही मागणी लोकांना सुचते, कारण ट्रक डोळ्यांसमोरून जातात. विजेबद्दल सुचत नाही, कारण तार मुकी असते.

सौर आणि पवन ऊर्जा आली की हा प्रश्न मिटेल, अशी आशा अनेकांना वाटते. सूर्य सगळीकडे तळपतो, म्हणून नवी ऊर्जा कुणा एका मुलखाची नसेल, असा तर्क त्यामागे आहे. पण जमीन सगळीकडे सारखी स्वस्त नसते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात २०१३ मध्ये १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प झाला, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि साताऱ्यात वनकुसवड्याच्या पठारावर त्याआधीच झाल्या होत्या. जिथे जमीन हलकी तिथे पट्ट्या आणि खांब, आणि वीज पुन्हा तारेने दूर. राख नाही ही फार मोठी सुधारणा आहे. बाकीचा आराखडा मात्र खोपोलीपासून बदललेला नाही. वेगळी वाट दाखवते ती २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. गावच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि तिथल्याच शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, असे तिचे रूप आहे. उगम आणि वापर एका शिवारात आणणारी ही योजना आकाराने लहान वाटली तरी भूगोलाच्या दृष्टीने खोपोलीनंतरची सर्वांत मोठी कल्पना आहे, असे माझे मत आहे.

चंद्रपूरसाठी वेळ थोडा आहे. कोळसा पुरेल तोवर पडघ्याची तार भरून वाहील, आणि त्या काळातच वाहिनीच्या या टोकाला विविध उद्योग, राखेची विल्हेवाट आणि इरईचे पाणी यांसाठी दरातून निधी उभा राहायला हवा. खाणी बंद पडायला लागल्यावर तो मागून मिळणार नाही. राज्य वीज नियामक आयोग दरनिश्चितीच्या वेळी लोकांच्या सूचना आणि हरकती मागवतो, आणि नागपूरपासून मुंबईपर्यंत जाहीर सुनावण्या घेतो. तिथे कोणताही नागरिक लेखी म्हणणे देऊ शकतो, त्याला वकील लागत नाही. मुंबई-पुण्याच्या वाचकांनी पुढच्या सुनावणीत आपल्या बिलाबरोबर हा एक प्रश्नही लिहून द्यावा: माझी वीज जिथे तयार होते, त्या गावाचा माझ्या दरात वाटा किती?